अंगठ्याला कुलूप

‘आमच्याकडे साधा फोन, आम्हाला कोण लुटणार?’ हा युक्तिवाद हिंजवडीजवळच्या नेरे गावात तरी टिकत नाही. आधार-संलग्न पेमेंट व्यवस्थेत, म्हणजे ‘एईपीएस’मध्ये, पैसे काढायला फोन, पिन किंवा ओटीपी लागत नाही, आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा पुरतो. ज्या पट्ट्यात आयटी पार्कमुळे गुंठ्यागुंठ्याचे व्यवहार झाले, तिथे हे ठसे खरेदीखतांवर उमटलेले असतात आणि दस्ताच्या झेरॉक्स एजंटापासून बिल्डरपर्यंत फिरतात. त्यांच्या गैरवापराची भीती काल्पनिक नाही: 2018 मध्ये तेलंगणात जमिनीच्या दस्तांवरील ठशांच्या नकला करून सिमकार्डे सुरू केल्याचे उघड झाले, 2023 मध्ये बंगळुरूत दस्तांवरचेच ठसे वापरून खात्यांतून पैसे काढल्याच्या तक्रारी आल्या. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार?

म्हणून ‘बायोमेट्रिक लॉक’. आधार प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) अॅपवर किंवा संकेतस्थळावर तो लावला की ठशाने पडताळणी होत नाही. ओटीपीने मात्र ती चालू राहते. मग रेशनचे काय, हा आक्षेप रास्त आहे. दुकानात अंगठा द्यायच्या वेळी लॉक तात्पुरता उघडता येतो, पण त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाइल हवा. म्हाताऱ्या माणसांची अडचण तिथेच होते, आणि ती सरकारने सोडवायची आहे. आधारची झेरॉक्स द्यावीच लागली तर शेवटचे 4 अंकच दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ द्यावे. पैसे गेलेच, तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन.