किडनीचे डॉक्टर आणि संशोधनाचं वाचन

गैरसमज: डीएम नेफ्रॉलॉजी झालं की शिक्षण संपलं. पुढचं सगळं अनुभव शिकवतो.

अनुभव हवाच. पण किडनीच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन जितकं वर तितकं चांगलं, ही समजूतही अनुभवातूनच रुजली होती. ज्यांचं हिमोग्लोबिन चांगलं, ते रुग्ण जास्त जगताना दिसत. मग इरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं देऊन सगळ्यांचंच वर न्यावं, असा विचार पुढे आला. अमेरिकेतल्या ‘क्वायर’ चाचणीत डायलिसिसवर नसलेल्या 1432 रुग्णांचे, कोण कुठे जाणार हे नशिबावर सोडून, दोन जवळपास सारखे गट पाडले. एका गटासाठी हिमोग्लोबिनचं लक्ष्य 13.5, दुसऱ्यासाठी 11.3. मृत्यू, हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअरसाठी भरती किंवा पक्षाघात, यांपैकी काही ना काही पहिल्या गटात 125 जणांच्या वाट्याला आलं, दुसऱ्यात 97 जणांच्या. हे 2006 साली छापून आलं. 2009 मध्ये ‘ट्रीट’ चाचणीत मधुमेह आणि किडनीविकार असलेल्या 4038 रुग्णांना त्याच जातीचं औषध किंवा प्लासिबो (औषध नसलेलं, नुसतं दिसायला तसंच) दिलं, तेव्हा औषधाच्या गटात 101 जणांना पक्षाघात झाला, प्लासिबोच्या गटात 53 जणांना. ज्यांचं हिमोग्लोबिन आपोआप चांगलं राहत होतं, ते मुळातच कमी आजारी होते. इंजेक्शन आजही लागतं आणि उपयोगी पडतं. चुकीचं होतं ते लक्ष्य.

गैरसमज: रिपोर्टमधला आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला.

बार्डोक्सोलोन या औषधाने मधुमेही रुग्णांचा ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा आकडा, वाढला होता. तरीही मोठी चाचणी 2012 मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर वाढलं.

गैरसमज: ‘धोका 39 टक्क्यांनी कमी’ म्हणजे शंभरातले 39 वाचले.

हा आकडा 2020 च्या ‘डापा-सीकेडी’ चाचणीतला. सुमारे 2.4 वर्षांत किडनी झपाट्याने खालावणं किंवा निकामी होणं, अथवा किडनी वा हृदयाच्या कारणाने मृत्यू, असं प्लासिबो गटात 14.5 टक्के रुग्णांच्या बाबतीत घडलं, डापाग्लिफ्लोझिनच्या गटात 9.2 टक्के. म्हणजे शंभरामागे पाच जण वाचले. एकाला वाचवायला साधारण 19 जणांना औषध द्यावं लागलं. किडनीच्या आजारात हा फायदा मोठाच आहे, पण तो डॉक्टरांनी रुग्णापुढे याच भाषेत मांडायला हवा.

गैरसमज: सीएमईला, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांना, हजेरी लावली की झालं.

महाराष्ट्रात वैद्यकीय नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट लागतात. नियम योग्य आहे, पण सभागृहात बसून स्लाइड पाहिल्याने शोधनिबंध तपासायची सवय लागत नाही. ती जर्नल क्लबमध्ये लागते. तिथे एकच निबंध घेऊन खोदून विचारतात: कोणते रुग्ण वगळले? मुख्य निष्कर्ष कशावर काढायचा, हे आधी ठरलं होतं का? चाचणी मध्येच का थांबली? पैसा कोणाचा? अशा बैठकांना पॉइंट्सच्या हिशेबात व्याख्यानांपेक्षा जास्त वजन मिळायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आणि तुम्हाला नवीन गोळी लिहून दिली, तर मोकळेपणाने विचारा: “डॉक्टर, माझ्यासारख्या शंभर जणांनी ही घेतली तर किती जणांना फायदा होतो, आणि नेमका कशात?”