'युनिटला विचारा' म्हणजे नक्की कुणाला विचारायचं?

या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळजवळ तसंच आहे.

मुंबईत केईएम, सायन, नायर किंवा कूपरला आपलं कुणी ॲडमिट असेल, तर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "युनिटला विचारा." रात्री वॉर्डातल्या डॉक्टरना विचारलं, बाबांचा सीटी स्कॅन कधी? "सकाळी युनिट येईल, त्यांना विचारा." सिस्टरना विचारलं तरी तेच. नातेवाइकाला वाटतं टोलवाटोलवी चाललीय. कधीकधी असतेही, नाही असं नाही. पण बऱ्याचदा ते उत्तर खरं असतं. ते का, हे बघायला गेलं की टीचिंग हॉस्पिटल आतून कसं चालतं तेही कळतं.

ही चारही हॉस्पिटलं महापालिकेची, आणि चौघांनाही मेडिकल कॉलेज जोडलेलं. केईएमला सेठ जी. एस., नायरला टोपीवाला, सायनला लोकमान्य टिळक, कूपरला एचबीटी. केईएम तर १९२६ पासूनचं. म्हणजे इथे पेशंटला हात लावणारे बरेचसे डॉक्टर हे एमबीबीएस होऊन एमडी किंवा एमएस करणारे रेसिडेंट असतात. काम आणि शिक्षण एकाच वेळी, एकाच खाटेजवळ.

मेडिसिन, सर्जरी, ऑर्थो अशा प्रत्येक विभागाची युनिट पाडलेली असतात. वर युनिटचे प्रमुख, त्यांच्याखाली शिकवणारे दोन-तीन डॉक्टर, मग तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या वर्षाचे रेसिडेंट. प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला आणि इमर्जन्सीचा वारही ठरलेला. मंगळवारी ज्यांची इमर्जन्सी, त्या दिवशी त्या विभागात येणारा प्रत्येक पेशंट त्यांचा. तुमचे बाबा मंगळवारी रात्री आले, तर डिस्चार्जपर्यंत ते त्या युनिटचे. गुरुवारी रात्री वॉर्डात फिरणारी डॉक्टर दुसऱ्याच युनिटची असू शकते. बीपी पडलं तर ती धावत येईल, पण उपचारांचा बेत ती बदलणार नाही. तो बेत कशावरून ठरला हे तिला पूर्ण माहीत नाही, आणि तिला ते माहीत आहे.

आता त्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटकडे, म्हणजे जेआर-वनकडे बघू. माझी मावसबहीण एका सरकारी टीचिंग हॉस्पिटलात जेआर-वन होती. ती म्हणायची, इमर्जन्सी म्हणजे दिवस नाही रे, दीड दिवस. सकाळी सुरू, रात्रभर ॲडमिशन, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सगळ्या नव्या पेशंटचा राउंड. रक्त काढायचं, सॅम्पल पाठवायचे, रिपोर्टच्या मागे लागायचं, फॉर्म भरायचे, आणि मामा दुसरीकडे अडकले असतील तर ट्रॉलीही स्वतःच ढकलायची. रेसिडेंट म्हणजे तिथेच राहणारा, हा शब्दाचा मूळ अर्थ आपल्याकडे फारच मनावर घेतलाय.

नियम नाहीत असं नाही. १९९२ साली केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलं होतं की सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांहून जास्त नको आणि ज्युनिअर रेसिडेंटला आठवड्याला साधारण ४८ तास काम असावं. २०२३ च्या नियमावलीत आकडाच नाही, 'वाजवी' तास काम आणि 'वाजवी' विश्रांती असं म्हटलंय. मग २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या टास्क फोर्सने कमाल ७४ तास सुचवले. बत्तीस वर्षांनी सुधारणा म्हणून सुचवलेला आकडा मूळ आकड्याच्या दीडपटीहून जास्त! कागदावरच्या ४८ तासांचं काय झालं असेल, हे वेगळं सांगायला नको.

मग तास कमी केले की प्रश्न सुटेल का? मलाही आधी तसंच वाटायचं. पण अमेरिकेत हे करून बघितलंय, आणि तिथला अनुभव जरा गुंतागुंतीचा आहे.

मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्क हॉस्पिटल या टीचिंग हॉस्पिटलात लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी ताप आणि अस्वस्थतेसाठी रात्री दाखल झाली आणि सकाळी गेली. तिला बघणारे डॉक्टर शिकाऊ होते, त्यांच्यावर बाकीच्या बऱ्याच पेशंटचाही भार होता. ती आधीपासून नैराश्यावर जे औषध घेत होती, त्याच्याशी न जमणारं दुसरं औषध तिला दिलं गेलं. मृत्यूचं नेमकं कारण काय, यावर पुढे कोर्टात बराच वाद झाला. पण तिचे पत्रकार वडील हा मुद्दा सोडायला तयार नव्हते. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तास आणि सलग २४ तास अशी मर्यादा घातली, २००३ मध्ये ८० तासांचा नियम देशभर आला. २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांना सलग १६ तासांची मर्यादा आली, आणि २०१७ मध्ये ती परत काढून टाकली!

का काढली? सर्जरीच्या रेसिडेंटवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. एका गटात शिफ्टच्या लांबीचे कडक नियम, दुसऱ्यात सैल. पेशंटच्या बाबतीत दोन्हींमध्ये फरकच दिसला नाही. याचं एक कारण सांगितलं जातं, ते मला पटतं: शिफ्ट लहान केल्या की थकवा कमी होतो, पण पेशंट एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे सोपवण्याच्या वेळा वाढतात. हँडओव्हर वाढतात. आणि गोष्टी सांडतात त्या तिथेच.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. ऑन-कॉल बदलताना आपण डॅशबोर्ड दाखवतो, लिंक देतो, सगळं हिरवं आहे म्हणून निघतो. पण 'हा अलर्ट परत आला तर रीस्टार्ट करू नकोस' हे डॅशबोर्डवर नसतं, ते जाणाऱ्याच्या डोक्यात असतं.

हॉस्पिटलातलं मी रचलेलं उदाहरण घेऊ. संध्याकाळी जाणारा डॉक्टर म्हणतो: "बेड १४, डेंग्यू, ताप उतरलाय, ठीक आहे." ऐकायला किती छान! पण डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागून पेशंट खालावण्याचा धोका असतो. म्हणजे ही चांगली बातमी नाही, जागं राहायची वेळ आहे. तेच असं सांगितलं तर: "बेड १४, डेंग्यू, लक्ष ठेवायचंय. ताप आजच उतरलाय. १० वाजता हिमॅटोक्रिट पाठव. ते चढलं, पोटात दुखायला लागलं किंवा लघवी कमी झाली तर सकाळची वाट बघू नकोस, रजिस्ट्रारना उठव." आणि घेणाऱ्याने हे सगळं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं.

याच पद्धतीला आय-पास म्हणतात: पेशंट किती गंभीर, थोडक्यात इतिहास, करायची कामं, 'असं झालं तर तसं', आणि शेवटी घेणाऱ्याने उजळणी. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ हॉस्पिटलांच्या बालरोग विभागांत रेसिडेंटना ही शिकवली. २०१४ मध्ये निष्कर्ष आले: वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी, आणि पेशंटला झालेली, टाळता येण्यासारखी इजा ३० टक्क्यांनी कमी. हँडओव्हरला वेळ मात्र जवळपास तेवढाच, पेशंटमागे अडीच मिनिटांच्या आसपास. नवं मशीन नाही, नवं औषध नाही. म्हणून तास मोजायचे सोडा असं मी अजिबात म्हणत नाही. ३० तास जागलेल्या माणसाला ते अडीच मिनिटांचं बोलणं तरी धड जमेल का?

नर्सिंगमध्ये ही शिस्त जुनी आहे. ओव्हर दिल्या-घेतल्याशिवाय शिफ्ट सुटत नाही. याचं सगळ्यात अवघड उदाहरण केईएमचंच. अरुणा शानबाग तिथे नर्स होत्या. नोव्हेंबर १९७३ मध्ये हॉस्पिटलातच त्यांच्यावर हल्ला झाला आणि मे २०१५ मध्ये त्या गेल्या. मधली एकेचाळीस वर्षं केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. किती जणी रिटायर झाल्या, किती नव्या आल्या. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोर होऊ न देणं म्हणजे दर थोड्या तासांनी कुणीतरी कूस बदलणं, आणि आधी कुणी कधी बदलली ते पुढचीला माहीत असणं. डॉक्टरांच्या हँडओव्हरवर शोधनिबंध निघतात, याची मोजदाद कुणी ठेवली असेल असं वाटत नाही.

आता आपलं काम. वॉर्डात सगळ्या शिफ्ट बदलतात, पण सोबतीला बसलेला नातेवाईक बऱ्याचदा तोच असतो. म्हणून युनिट कोणतं आणि इमर्जन्सी कोणत्या वारची, हे केसपेपरवरून फोनमध्ये लिहून ठेवा. चालू असलेल्या गोळ्यांची यादी आणि कशाची ॲलर्जी आहे हे प्रत्येक नव्या डॉक्टरना सांगा, आधीच्यांना सांगितलं असलं तरी. पेपरचे फोटो काढलेत तर स्वतःपुरते ठेवा, फॅमिली ग्रुपवर नकोत. बेताबद्दलचे प्रश्न सकाळच्या राउंडला, आणि घरातल्या एकाच माणसाने विचारायचे.

रात्रीच्या डॉक्टरना 'बाबा बरे आहेत ना' असं विचारू नका, त्याला 'हो' याशिवाय उत्तर नाही. विचारा: "डॉक्टर, आज रात्री काय दिसलं तर तुम्हाला लगेच बोलवायचं?" उत्तर मिळालं तर ते लिहून घ्या. नाही मिळालं, तर बहुतेक त्या केसपेपर परत उघडून बघतील.