मावळातील घरगुती ई-कचरा : नियमांची चौकट आणि महाविद्यालयांची भूमिका

प्रस्तावना :
बंद पडलेला दूरचित्रवाणी संच, निकामी संगणक, जुना मोबाईल, चार्जर, बॅटरी या टाकाऊ वस्तूंना ई-कचरा असे संबोधले जाते. लोणावळा व मावळ परिसरातील घरे आणि बंगले यांतून निघणाऱ्या अशा वस्तू बहुधा भंगारवाल्याकडे जातात. प्रस्तुत लेखात या कचऱ्याचे स्वरूप, त्यासंबंधीचे नियम आणि महाविद्यालयांची भूमिका यांचा विचार केला आहे.

धोक्याचे स्वरूप :
जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे, सीएफएल दिव्यात पारा, तर काही बॅटऱ्यांत कॅडमियम असते. वस्तू अखंड असेपर्यंत हे घटक बहुतांशी बंदिस्त राहतात. तांब्यासाठी वस्तू फोडली किंवा वायर जाळली, की विषारी द्रव्ये माती, पाणी व हवेत मिसळतात. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. इंद्रायणी याच परिसरात उगम पावून पुढे देहू-आळंदीकडे वाहते. त्यामुळे येथे उघड्यावर पडलेल्या ई-कचऱ्याचा प्रश्न एका गावापुरता मर्यादित राहत नाही.

नियमांची वाटचाल :
ई-कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र केंद्रीय नियम २०११ मध्ये अधिसूचित होऊन १ मे २०१२ पासून लागू झाले. वस्तूच्या अखेरच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे तत्त्व त्यांतून रूढ झाले. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या २०२२ च्या नियमांनी वस्तूंची यादी २१ वरून १०६ पर्यंत वाढविली. २०२५-२६ साठी पुनर्चक्रणाचे उद्दिष्ट ७० टक्के ठरविण्यात आले. नोंदणीकृत पुनर्चक्रण उद्योगाकडून प्रमाणपत्रे घेऊन उत्पादक ते पूर्ण करू शकतो. मात्र हे उद्दिष्ट वजनावर आधारित आहे, तालुकानिहाय नाही. परिणामी, ते कागदोपत्री पूर्ण झाले तरी मावळातील वस्तू संकलित होतीलच असे नाही.

महाविद्यालयांची भूमिका :
२०१६ च्या नियमांत मोठ्या ग्राहकांमध्ये शैक्षणिक संस्थांचा स्पष्ट उल्लेख होता. २०२२ च्या नियमांनी त्यासाठी आर्थिक वर्षात किमान १००० उपकरणांच्या वापराची अट घातली. त्यामुळे लहान महाविद्यालये या व्याख्येबाहेर राहतात. तथापि, बंधन नसले तरी कर्तव्य उरतेच. राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत दरवर्षी पावसाळ्यापूर्वी संकलन करता येईल. बॅटऱ्या वेगळ्या ठेवाव्यात, वस्तू फोडू नयेत आणि नोंदणीकृत पुनर्चक्रण उद्योगाकडे सोपवून पावती घ्यावी. भंगारवाला वस्तूचे पैसे देतो, हे लक्षात घेता केवळ आवाहन पुरेसे नाही. त्यालाच योग्य मोबदल्यावर या साखळीत सामावून घेणे अधिक व्यवहार्य ठरेल.

निष्कर्ष :
नियमांनी उत्पादकाची जबाबदारी निश्चित केली. परंतु घरापासून पुनर्चक्रण उद्योगापर्यंतचा दुवा स्थानिक पातळीवरच जोडावा लागेल. मावळात हा दुवा होण्याची क्षमता महाविद्यालयांमध्ये आहे.