तान्ह्या पोळ्याचा जुना नंदी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्या वणीत मुले लाकडी नंदी मिरवतात. माळ्यावरून काढलेल्या जुन्या नंदीच्या रंगाला पापुद्रे का सुटतात? पावसाळ्यात लाकूड बाष्प शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसते. तेही तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त. कडक झालेल्या तैलरंगाला हा ताण सोसत नाही. खुरांचा तळ रंगवायचा हमखास राहतो आणि तंतूंच्या त्या उघड्या टोकांतूनच ओल झपाट्याने शिरते.

मात्र जुना रंग कोरडा घासू नका! घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते. त्याची धूळ मुलांच्या मेंदूला घातक. मोठ्यांकडून ओल्या पॉलिश पेपरने घासून घ्या, फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. मगच रंग, आधी खुरांच्या तळांना.