कॉलम बदलला, पण खरंच बदलला का?
आज पायथॉनच्या पांडाजमधली एक चूक, जी मीही केलीय.

मार्कांचं टेबल. निकालाच्या कॉलममध्ये सगळीकडे ‘पास’. 35 पेक्षा कमी मार्क असतील तिथे ‘नापास’ करायचं. मी आधी त्या ओळी गाळल्या, मग लगेच पुढच्या कंसात कॉलम बदलला. एरर नाही, फक्त वॉर्निंग. मी बघितलीच नाही. मूळ टेबल जसंच्या तसं! बदल झाला तो गाळलेल्या ओळींच्या कॉपीत.

उपाय: डॉट एलओसी. एकाच चौकोनी कंसात आधी अट, स्वल्पविराम, मग कॉलमचं नाव.

आणि हो, गैरहजर मुलाचा रिकामा रकाना ‘35 पेक्षा कमी’मध्ये येत नाही. तो गुपचूप ‘पास’च राहतो! त्याच्यासाठी ‘इझ-एनए’ची वेगळी अट लिहा. शेवटी ‘व्हॅल्यू काउंट्स’ने आकडे मोजा, मगच फाइल पाठवा.