कोरडा कॅमशाफ्ट बसवूं नये
खडकी येथें १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. अशा डिझेल इंजिनांनीं आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील विहिरींवर मोटेची जागा घेतली. वीज नसतां तीं अद्यापि उपयोगी पडतात.

इंजिन खोलून पुन्हां जुळवितांना कॅमशाफ्ट कोरडा बसविणें घातक होय. कॅमचें टोक टॅपेटवर मोठ्या दाबानें घासतें. पहिल्या फेऱ्यांत तेथें तेल पोहोंचलेलें नसल्यास तेवढ्यांतच ओरखडे उठतात. सबब सर्व भाग रॉकेलनें धुवून पुसावे. कॅम, टॅपेट व बेअरिंगें यांस स्वच्छ इंजिन-तेल चोपडावें. चेंबरांत तेल मापानें भरून, डिझेल बंद ठेवून, हँडलनें कांहीं फेरे द्यावे. मगच इंजिन चालू करावें. पळीभर तेलाची काटकसर ऐन पाण्याच्या पाळीस नडते, हें शेतकरी बंधूंनीं ध्यानीं ठेवावें, अशी आमची विनंती आहे.