आईचं बोट धरून पडद्यावर

1913मध्ये 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना एकही बाई मिळाली नाही. तारामती झाले ते उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र मायलेकी एकत्र उभ्या राहिल्या: पार्वतीच्या भूमिकेत दुर्गाबाई कामत आणि मोहिनीच्या भूमिकेत त्यांची मुलगी कमला. भारतीय चित्रपटातल्या या पहिल्या अभिनेत्री.

कमलाबाईंचा कणखरपणा घरातूनच आला, आणि ते घर म्हणजे नाटक कंपनीचं बिऱ्हाड. पतीपासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाईंनी लहानग्या लेकीला घेऊन रंगभूमीची वाट धरली. घरंदाज बाईनं तोंडाला रंग लावणं तेव्हा समाजाला मुळीच खपत नव्हतं. मुलीचं लहानपण मुक्कामामागून मुक्काम करण्यात गेलं. पण आपल्या कमाईवर घर चालवणारी आई तिनं रोज पाहिली. माझ्या मते तिचं खरं शिक्षण हेच.

ते पुढे कामी आलं. पती रघुनाथराव गोखले लवकर गेले, पदरात तीन मुलगे. कमलाबाई रंगभूमीवर उभ्याच राहिल्या, पुरुष भूमिकाही केल्या. मुलांपैकी चंद्रकांत गोखले नामवंत अभिनेते झाले, तर लालजी गोखले तबलावादक. विक्रम गोखले हे चंद्रकांतांचे चिरंजीव. रीना मोहन यांनी उतारवयातल्या कमलाबाईंवर 'कमलाबाई' हा माहितीपट केला. दुर्गाबाईंच्या वाट्याला मात्र असं काही आलं नाही, याची खंत वाटते.